कोरे कापड

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. त्यापूर्वी २०२४ च्या सप्टेंबरात तो टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला होता. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या आणि व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर या तरुणाने व त्याच्या सोबत्यांनी आपल्या गावात, आपल्या गावासाठी चित्रपट कसे काढले, त्याची ही कथा. वृत्तपत्रांनी तिची मनापासून वाखाणणी केली आणि ती वावगी नव्हती. परंतु या वाखाणणीच्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. मालेगावची गोष्ट टोरांटोपर्यंत गेली, पण मालेगावच्या हाती काय उरले?

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे राहून मालेगावची चौकशी कशाला, असे एखादा साथी विचारील. मालेगाव येथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. वेरूळच्या बाजूने निघालेला माणूस अर्ध्या दिवसात तेथे जाऊन परत येऊ शकतो. पण अंतराचे कारण दुय्यम आहे. दोन्ही गावे विणकरांची आहेत. आपल्या शहरातील हिमरूचे माग कसे थंडावत गेले, हे येथील जुन्या माणसांना सांगावयास नको. मालेगावचे माग मात्र चालू राहिले आणि त्या मागांवर राबणाऱ्या माणसांनी एक दिवस कॅमेराही हाती घेतला. नाट्यशास्त्र विभाग, नाट्यगृहे, आंतरराष्ट्रीय महोत्सव हे सारे असलेल्या आपल्या शहरात जे रुजले नाही, ते यांतले काहीही नसलेल्या मालेगावात कसे रुजले, हे समजून घेण्यात आपले हित आहे.

मालेगावचा अर्थव्यवहार ज्याला ठाऊक नाही, त्याला मालेगावचा चित्रपट कळणार नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेली मोमीन विणकरांची कुटुंबे मोसम नदीच्या काठी स्थिरावली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. यातील कित्येक माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची धुराडी विझत गेली, तेव्हा संघटित कामगाराच्या हातून गेलेले काम भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव येथील असंघटित कामगाराच्या माथी आले. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, उक्त्या दराची मजुरी, कानठळ्या बसविणारा आवाज आणि छातीत साठणारा कापसाचा तूस. आज एक लाखाहून अधिक माग तेथे चालतात. त्यांना लागणारे सूत बाहेरून येते. विणून झालेले कापड कोरेच बाहेर जाते. ते पाली-बालोतऱ्याकडे धुतले, रंगविले व छापले जाते आणि दुसऱ्याचा शिक्का लेवून बाजारात येते. विणणारा एक आणि नाव दुसऱ्याचे. नफा तर तिसऱ्याचाच. कोऱ्या कापडाचा हा प्रवास वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण चित्रपटाच्या बाबतीतही तोच फेरा आपल्याला दिसणार आहे.

मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. आठवडाभर मागाशी जखडलेला कामगार त्या दिवशी सिनेमाला जातो. हे वेड तेथे पिढ्यान् पिढ्यांचे आहे. नासिरच्या पार्लरमध्ये चार्ली चॅप्लिन व बस्टर कीटन यांचे मूकपट लागत आणि ब्रूस लीची मारामारीही लागे. दोन व्हीसीआर जोडून, नको तो भाग गाळून, हवा तो जोडून तो संकलन शिकला. त्याला कोणत्याही चित्रपट-संस्थेत प्रवेश मिळाला नसता आणि त्याने तो मागितलाही नाही. २००० च्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या घरात झाल्याचे सांगतात. मुंबईच्या ‘शोले’त डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावचे डाकू सायकलींवरून आले. प्रेक्षक पोट धरून हसला, कारण त्या सायकली त्याच्या ओळखीच्या होत्या आणि त्यांवर बसलेली माणसे त्याच्या शेजारच्या मागावर काम करणारी होती. पार्लरमध्ये तो चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला. त्यानंतर मालेगावात चित्रपट काढणाऱ्यांची जणू रांगच लागली.

या मंडळींच्या युक्त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सायकलवर बसवून सरकता केलेला कॅमेरा, बैलगाडीची दांडी उचलून साधलेली क्रेन, ट्रकच्या अंगाला हिरवे कापड ताणून त्याच्यापुढे आडवा धरलेला सुपरमॅन हे सारे खरे आहे आणि रम्यही आहे. याला हल्ली ‘जुगाड’ म्हणतात आणि त्या शब्दावर टाळ्या पडतात. आम्हाला या टाळ्यांचा वीट आला आहे. गरिबाने अपुऱ्या साधनांत काम निभावले की त्याच्या कल्पकतेचे गोडवे गावयाचे आणि ती साधने अपुरी का, हा प्रश्न मात्र सोईस्करपणे विसरावयाचा, ही संपन्न वर्गाची जुनी खोड आहे. नासिरच्या मंडळींचा एकुलता एक कॅमेरा चित्रीकरण चालू असताना पाण्यात पडला आणि काम अडले. बैलगाडीची क्रेन त्यांनी हौसेने केली नव्हती, खरी क्रेन मिळाली असती तर ती त्यांनी नाकारली नसती.

‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाचा नायक झाला शफीक शेख हा हाडकुळा यंत्रमाग कामगार. त्याचा सुपरमॅन दम्याने बेजार झालेला आहे. त्याचे शत्रू कोण, तर गावाला तंबाखूच्या नादी लावणारे आणि घाणीवर प्रेम करणारे लोक. या विनोदाच्या पोटात काय दडले आहे, ते मालेगावात पाळी केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तोंडात तंबाखू धरणारा कामगार, तुंबलेली गटारे आणि भरून आलेली छाती हा तेथील रोजचा दिनक्रम आहे आणि पडद्यावर तोच आला. पुढे काही वर्षांतच शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. पडद्यावर तंबाखूशी झुंजलेल्या नटाचा असा अंत व्हावा, याला दैवदुर्विलास म्हणून भागणार नाही. बारा तासांच्या पाळीचा आणि गावात वेळीच न मिळणाऱ्या उपचारांचा हिशेब त्यात मांडावा लागेल.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या महाराष्ट्राला मालेगाव ठाऊक आहे ते दंगलींनी आणि स्फोटांनी. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, तेथील कब्रस्तानापाशी झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली. मेलेले मुसलमान आणि पकडले गेलेलेही मुसलमान. नऊ तरुणांवर तो आरोप ठेवला गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा स्फोट झाला. ‘मालेगाव का सुपरमॅन’ची जुळवाजुळव याच काळातली. ज्या गावाच्या नावाभोवती संशयाचे जाळे विणले जात होते, ते गाव त्याच वेळी आपल्याच व्यंगावर हसत होते आणि आपल्या हातांनी चित्रपट बनवीत होते. ज्यांना मुस्लिम वस्ती दिसली की केवळ ‘संवेदनशील भाग’ एवढाच शब्द सुचतो, त्यांनी ते हसू एकदा पाहून यावे.

मालेगाव हे साथी निहाल अहमद यांचे गाव. वर्षानुवर्षे त्यांनी ते विधानसभेत मांडले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री होते, पुढे विरोधी पक्षनेतेही झाले. २०१६ साली ते गेले. यंत्रमाग कामगाराचा आणि समाजवादी चळवळीचा धागा या गावात किती जुना आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना माहीत असावे म्हणून हा उल्लेख.

याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी दादासाहेब फाळके १८७० मध्ये जन्मले. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन परतले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, ती धूत आणि सगळ्या मंडळींच्या जेवणाचेही पाहत. भारतीय चित्रपटाचा जन्म झाला तो असा एका बिऱ्हाडात. मग १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदारांशी खटके उडाले, फाळके कंपनी सोडून काशीस निघून गेले, पुन्हा परतले आणि अखेर १९४४ मध्ये नाशिक येथे जवळजवळ विस्मृतीत वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आज देशातला या क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार आहे. पण कला एकाची आणि पेढी दुसऱ्याची झाली म्हणजे काय होते, हा त्यांच्या चरित्राचा धडा पुरस्काराच्या समारंभात कोणी सांगत नाही.

आता कोऱ्या कापडाकडे वळू. फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा अनुबोधपट २००८ मध्ये पुरा केला. तो देशोदेशींच्या महोत्सवांत गाजला आणि २०१२ साली आपल्याकडच्या शहरांतील मल्टिप्लेक्समध्ये लागला. त्यानंतर आला २०२५ चा कथापट. त्यामागे मुंबईच्या नामवंत निर्मितीसंस्था आणि ॲमेझॉनसारखी परदेशी बलाढ्य कंपनी. दोन्ही दिग्दर्शिकांनी मालेगावकडे आस्थेने पाहिले आहे, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती व्यवस्थेविषयी. नासिरचे स्वतःचे चित्रपट मात्र पार्लरच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. त्यांच्यासाठी पडदा नव्हता, वितरक नव्हता, महोत्सवाचे निमंत्रण नव्हते. म्हणजे मालेगावने धागा विणला आणि त्यावर रंग व छाप चढली ती मुंबईत. तयार ठाण तिकिटाच्या दराने पुन्हा मालेगावच्या कामगाराला विकण्यात आला. एकेकाळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस मँचेस्टरला जाई आणि धोतरजोडी होऊन परत येई. दादाभाईंनी त्या व्यवहाराचा हिशेब मांडला होता. गोष्टींच्या या निर्यातीचा हिशेब अजून मांडावयाचा आहे.

दुसरा मार्ग नाहीच, असे नाही. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. १९८७ च्या ‘सुस्मन’मागे हातमाग सहकारी संस्था होत्या आणि विषयही विणकरांचाच होता. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा या गटाने गावोगाव वर्गणी गोळा करून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ काढला. सहकाराने साखर कारखाने काढणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य कोटीतील वाटू नये. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. ‘मंथन’ आणि ‘सुस्मन’मध्ये पैसा श्रमिकांचा होता, पण कॅमेऱ्यामागचा डोळा सुशिक्षित कलावंताचा होता. मालेगावात उलटे घडले. तेथे डोळा विणकराचा होता आणि पैसा मात्र कोणाचाच नव्हता. या दोन अर्धवट गोष्टी जेथे एकत्र येतील, तेथे खरा लोकांचा चित्रपट निघेल.

मालेगावचे देव्हारे आम्हाला माजवावयाचे नाहीत. या चित्रपटांत गावातील स्त्रिया नाहीत. नटी बाहेरगावाहून आणावी लागे, कारण गावच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे गावाला खपणारे नव्हते. मागावर, कांड्या भरण्यात, घराघरांत बायकांचे श्रम आहेत. पडद्यावर मात्र त्यांची सावलीही नाही. ज्या चित्रपटसृष्टीच्या आरंभी सरस्वतीबाईंचे हात होते, तिच्या या धाकट्या भावंडाने निम्मे गाव दाराबाहेर ठेवावे, ही मोठी उणीव आहे आणि गरिबीच्या नावाने तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही. दुसरी गोष्ट मजुरीची. दोस्तीखातर, हौसेखातर माणसे फुकट राबली. एका चित्रपटापुरते ते शोभून दिसते, परंतु हौशीच्या नावाने फुकट श्रम घेण्याची रूढी पडली की कारखानदार कसा बनतो, हे यंत्रमागाच्या गावाला सांगावे लागू नये. तिसरा आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. ही मंडळी मुंबईची नक्कल करतात, असे काही सुशिक्षित म्हणतात. वस्तुतः विडंबन ही पराभूताची नक्कल नव्हे. तमाशातील वगाने देवादिकांची टर उडविली, तेव्हा तीही नक्कलच होती.

आज पार्लर गेले आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला. मालेगाव-खानदेशकडील ‘छोटू दादा’ या विनोदी नटाच्या चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. यावरून साधने लोकांच्या मालकीची झाली, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. कॅमेरा स्वस्त झाला हे खरेच. परंतु पडदा कोणाचा? कोणती फीत वर यावी, कोणती बुडावी आणि जाहिरातीच्या उत्पन्नातील किती वाटा करणाऱ्याच्या पदरात पडावा, हे परदेशातील कंपनी ठरविते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही. मागवाल्याला सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी एकच असला की मागाची मालकी नावापुरती उरते. मालेगावला हे जुनेच दुखणे आहे, फक्त त्याची पेढी आता सातासमुद्रापलीकडे आहे.

आता आपल्या शहराविषयी. येथील प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या प्राचार्य म. भि. चिटणीसांनी १९५५ मध्ये ‘युगयात्रा’ लिहिले आणि दलित रंगभूमीचा पाया घातला. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून अनेक कलावंत निघाले. ‘जिगीषा’च्या चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची सुरुवात येथली, मकरंद अनासपुरे येथलेच. या सगळ्यांनी नाव मिळविले ते मुंबईला जाऊन. याचा दोष त्यांना देता येणार नाही, कारण येथे राहून काम करण्याची सोयच नव्हती. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे दहावे पर्व २०२५ च्या जानेवारीत पार पडले. जगातील उत्तम चित्रपट त्यामुळे येथील तरुणांना पाहावयास मिळतात, ही उपकारक गोष्ट आहे. पण तो भरतो मॉलमधील पडद्यावर, वर्षातून पाच दिवस. शहागंजच्या भाजीबाजारात पाटी घेऊन बसणारी बाई, वाळूजच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार, सिटी चौकातील बोहरी दुकानातला पोरगा यांना त्या पडद्याचा रस्ता सापडत नाही. सिराज औरंगाबादीने ज्या दख्खनी वळणाच्या भाषेत अठराव्या शतकात काव्य रचले, तिचे बोलीरूप शहागंजच्या गल्ल्यांत आजही ऐकू येते. पडद्यावर ते आले तर एखाद्या विनोदी दुय्यम पात्राच्या तोंडी येते.

तेव्हा मागावयाचे काय? प्रथम, जागा. संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह ही महापालिकेची, म्हणजे लोकांची मालमत्ता आहे. एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी किती काळ बंद राहिले, ते नाट्यप्रेमींना विसरता आलेले नाही. अशा जागांत महिन्याकाठी ठरावीक दिवस स्थानिक चित्रपटकारांसाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवावेत. मालेगाव महापालिकेनेही असेच करावे, आणि तो दिवस तेथे शुक्रवार असावा. दुसरी बाब प्रमाणपत्राची. १९५२ च्या कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि त्यासाठी आपल्याकडच्या माणसाला मुंबईच्या कार्यालयाकडे पाहावे लागते. लाखाच्या आतील खर्चाच्या चित्रपटाला आणि शंभर कोटींच्या चित्रपटाला एकाच दारातून जाण्यास सांगणे ही समता नव्हे. छोट्या चित्रपटांसाठी शुल्कमाफी आणि विभागीय ठिकाणी तपासणी, ही मागणी खासदारांकरवी लावून धरता येईल. तिसरी, राज्याचे अनुदान. ते मराठी चित्रपटाला आहे आणि असावेच. पण मालेगावची उर्दूमिश्रित हिंदी, खानदेशची अहिराणी, आदिवासींच्या बोली याही महाराष्ट्राच्याच भाषा आहेत. जिल्ह्याच्या गावी, तेथील माणसांनी काढलेल्या चित्रपटाला भाषेची अट न घालता मदत मिळाली पाहिजे आणि ती चित्रपट पुरा झाल्यावर नव्हे तर काम सुरू होताना मिळाली पाहिजे. ज्याच्याजवळ आरंभी पैसा नाही, त्याला अखेरीस अनुदानाचे आमिष दाखविणे म्हणजे भुकेल्याला ढेकर देण्यास सांगण्यासारखे आहे.

सरकारकडून होईल ते होईल. चित्रपट म्हणजे भांडवलशाहीची अफू, असे म्हणून बाजूला होणारे कार्यकर्ते आजही भेटतात. त्यांनी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा इतिहास आठवावा. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे तेथूनच पुढे आले. गावच्या चावडीवर कंदिलाच्या उजेडात वग करणाऱ्या त्या पथकाला कोणी मोठे भांडवल दिले नव्हते. आज कंदिलाच्या जागी मोबाइलचा कॅमेरा आहे. आपल्याच कामगार संघटनांच्या सभासदांनी महिन्याला दहा रुपये दिले तर एक चांगला कॅमेरा, एक ध्वनियंत्र आणि एक प्रक्षेपक यांची सहकारी मालकी उभी राहू शकते. ती वस्तू कोणाही सभासदाला, स्त्री-सभासदाला प्रथम, पाळीपाळीने मिळावी. वाळूजच्या कंत्राटी कामगाराची पाळी, शहागंजच्या भाजीवालीचा पहाटेचा लिलाव, पैठण गेटच्या रिक्षावाल्याचा दिवस हे विषय बाहेरून कोणी येऊन टिपण्याची वाट पाहू नये.

मालेगावचे शेख नासिर आणि त्यांचे सोबती यांना संभाजीनगरला बोलवावे, त्यांचे मूळ चित्रपट, मुंबईने त्यांच्यावर काढलेले नव्हे, येथे सार्वजनिक जागी दाखवावेत आणि त्यांच्याकडून संकलनाचे पहिले धडे येथील मुलामुलींनी घ्यावेत, असे शहर शाखेला आमचे सुचविणे आहे. खर्च प्रवासभाड्याचा आणि चहाचा. जागेसाठी अर्ज महापालिकेकडे आताच करावा लागेल, कारण सुट्टीच्या दिवसांच्या तारखा लग्नसराईत लवकर जातात.